शेवटच्या जाळीचे पाच घाव

माझी नात अलीझा दहावी पास झाली, त्या वर्षीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. तिचा निकाल लागला तो शुक्रवार माझ्या नीट लक्षात आहे. त्याच दिवशी सकाळी मला ओढ्याच्या काठी चिखलात एक पाऊल दिसलं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी मी माझ्या मेलेल्या आईच्या नावानं खोटं बोललो.

माझं नाव खाजा. राहायला कंधारला. आमच्या घरात तीन पिढ्या एकच धंदा, जमीन साफ करून द्यायची. वेडी बाभूळ, घाणेरी, पळसाची खुंटं, जे काय माजलं असेल ते मुळासकट काढायचं आणि मालकाला नांगर चालेल अशी जमीन द्यायची. वडील हे काम कुऱ्हाडीनं आणि दोरखंडानं करायचे. मी जेसीबी भाड्यानं आणतो, पण हातानं तोडणारी वीस माणसं अजून लागतातच. आमच्याकडं अशा ठरवून घेतलेल्या कामाला गुत्तं म्हणतात आणि घेणाऱ्याला गुत्तेदार.

त्या वर्षीचं गुत्तं इस्लापूरच्या पुढं होतं. जंगलाला लागून बेचाळीस एकर. निजामाच्या काळात कुण्या जहागीरदाराचं ते शिकारीचं रान. त्याच्या मचाणाचे चार दगडी खांब अजून उभे होते. शिकार कधीचीच बंद झाली, जहागीरदारही गेला, आणि रानात घाणेरी अशी माजली की बकरीसुद्धा आत शिरेना. ती जमीन नांदेडच्या आलोकनं घेतली. त्याचे वडील कॉलेजात शिकवायचे, तो स्वतः पुण्याची नोकरी सोडून परत आलेला. पस्तिशीचा असेल. मला चाचा म्हणायचा आणि मनापासून म्हणायचा.

पहिल्यांदा जमीन दाखवायला आला तेव्हा म्हणाला, "चाचा, इथं आपल्याला पीक घ्यायचं नाही. इथं जनावरांसाठी पेरायचं. तीन तुकडे करू. एकात ज्वारी, एकात चवळी, एकात गवत. चितळं येतील, नीलगाय येईल. लोक मचाणावर बसून बघतील, फोटो काढतील."

माझ्याबरोबर टोळीतला माझा जुना सोबती शेषेराव होता. तो म्हणाला, "म्हंजे आमच्या रानात चोरून खात्यात, हितं ताट वाढून देनार म्हना की."

"तसंच समजा, काका."

"मंग डुकराला पंगतीत बसवनार का भायेर?"

आलोक इतका हसला की त्याच्या हातातली पाण्याची बाटली सांडली. मग त्यानं मला विचारलं, एवढं साफ करायला काय लागेल. मी म्हणालो, झाडाचं काही नाही, खरा खर्च खुंटाचा. वरचं दोन दिवसांत पडतं, खालचं आठ दिवस निघत नाही. मी चाळीस दिवस मागितले. त्याला पाच जूनला, पर्यावरण दिनाला, पाहुणे बोलवायचे होते. अठ्ठावीस दिवसांवर सौदा ठरला.

कागद एकच पान होता. अक्षरं मी साठीनंतर शिकलो, अलीझाच्या पहिलीच्या पुस्तकावर. तेव्हापासून कागद दुसऱ्याकडून वाचून घेत नाही. त्यात एक ओळ होती की काम सुरू होण्याआधी मालक चारी बाजूंनी तारेचं कुंपण करून देईल. गावची गुरं आत येऊ नयेत म्हणून. ती ओळ मी दोनदा वाचली आणि मला बरंच वाटलं. कुंपण असलं की तोडलेलं लाकूड चोरीला जात नाही. त्या ओळीत आणखी काय आहे ते मला तेव्हा दिसलं नाही.

आता शेषेरावबद्दल सांगतो. त्याचा बाप माझ्या बापाकडं कुऱ्हाड चालवायचा आणि आमच्या लाकडाच्या वखारीमागं राहायचा. शेषेराव तिथंच जन्मला, मीही तिथंच. तो उन्हाळ्यातला, मी त्याच वर्षीच्या थंडीतला. अम्मी सांगायची, मला पहिल्यांदा अंगणात आणलं तेव्हा शेषा रांगत रांगत आला आणि त्यानं माझ्या तोंडात माती घातली. आधार कार्डावर आम्ही दोघंही एक जानेवारीचे. कार्ड काढणाऱ्यानं दोघांनाही तीच तारीख देऊन टाकली. त्यावरून शेषेराव म्हणायचा, "सरकारनं तुला सहा महिन्यांची बढती दिली, पन मला मातीची चव याद हाय, मीच तुला चारली." मला तो धाकल्या म्हणायचा. मी त्याला मोठ्या म्हणायचो. सत्तर वर्षांची माणसं आम्ही, टोळीतली पोरं हसायची.

मोठं असण्याला आमच्या टोळीत किंमत होती. आमच्यात एक रीत आहे, दोघांच्या बापांनी पाडलेली. सगळं रान साफ होत आलं की दाट झुडपांची एक जाळी शेवटची ठेवायची. तिच्यावर पहिले पाच घाव टोळीतल्या सगळ्यात वडील माणसानं घालायचे. मशीन नाही, हातात कुऱ्हाड, आणि एकट्यानं आत शिरून. आधी नारळ फुटतो, मी फातेहा म्हणतो, मग तो आत जातो. पाच घाव मोजून झाले की बाकीचे तुटून पडतात. माझे वडील म्हणायचे, आपण इतक्या जीवांची घरं मोडतो, रानाचा राग कुणावर तरी निघणारच. तो निघायचाच असेल तर ज्याचं जगून झालंय त्याच्यावर निघावा, लेकरंबाळं असलेल्या तरण्यावर नको. वडील गेल्यापासून गेली एकवीस वर्षं ते पाच घाव शेषेरावचे होते. त्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसायचा.

काम आठ मेला सुरू झालं. ऊन असं की लोखंडाला हात लागला तर फोड यावा. आम्ही पहाटे पाचला लागायचो, अकराला थांबायचो, चारनंतर पुन्हा. जेसीबीवर रुद्रेश होता, देवणीकडचा, तिशीतला, तोंडाळ पण हात सोन्याचा. शेषेरावची बायको पार्वतीबाई टोळीचा स्वयंपाक करायची.

असं रान एका बाजूनं तोडत जायचं असतं, जंगलाकडं तोंड करून. म्हणजे आतलं जे काही असेल, ससा, घोरपड, डुक्कर, ते पुढं पुढं सरकत जंगलात निघून जातं. हे मला बापानं शिकवलेलं. पण दिवस थोडे होते. मी टोळीचे दोन भाग केले. रुद्रेश रस्त्याकडून आणि हाताची माणसं जंगलाकडून, कारण ओढा ओलांडून मशीन पलीकडं जात नव्हतं. शेषेराव तेव्हाच म्हणाला होता, "धाकल्या, दोनी अंगानं चेपून राहिलास. मदी कोंडलं त्यानं कुठं जावं?"

मी म्हणालो, "ओढ्याच्या तोंडाशी कुंपणाखाली भगदाड आहे. तिथून जाईल."

भगदाड होतं, हे खरं. पण मेच्या शेवटी गावच्या शेळ्या तिथून आत आल्या आणि आलोकच्या गवंड्यानं ते दगड-सिमेंटनं बुजवून टाकलं. मी तिथंच उभा होतो. गवंड्याला पाणी मीच आणून दिलं.

दोन जूनपर्यंत बेचाळीस एकरातली एकच जाळी उरली होती. ओढ्याला लागून, घाणेरीची, आत दोन घरं बसतील इतकी मोठी. मध्ये टेंभुर्णीची चार झाडं आणि मागं ओढ्याची कापलेली दरड. त्या शुक्रवारी सकाळी तोंड धुवायला मी ओढ्यात उतरलो. डबक्यात गुडघाभर पाणी राहिलं होतं. त्याच्या काठच्या चिखलात ते पाऊल होतं.

पहिल्यांदा वाटलं, कुणी अनवाणी माणूस आला असेल. टाच, तळवा, बोटं, सगळं माणसासारखं. मग बोटांच्या पुढं चार बोटं अंतरावर नखांच्या रेघा दिसल्या. त्याच्या शेजारी तसंच दुसरं, तान्ह्या पोराच्या पावलाएवढं. वर दरडीत वारूळ खणून टाकलेलं होतं.

अस्वल होतं. आणि पिल्लू घेऊन होतं.

मी इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. मी चप्पल त्या पावलावर ठेवली आणि फिरवली. दोन्ही पावलं पुसली.

का पुसली ते सांगतो. बारा वर्षांपूर्वी किनवटच्या बाजूला आमच्या टोळीतल्या मन्मथला अस्वलानं धरलं होतं. तो वाचला, पण त्याला एक डोळा नाही आणि अर्धा चेहरा नाही. टोळीतल्या प्रत्येकानं त्याला पाहिलेलं. अस्वल हा शब्द निघाला असता तर वीसच्या वीस माणसं दुपारच्या बसनं गावी गेली असती. जंगलवाल्यांना कळलं असतं तर काम थांबलं असतं. तीन दिवस राहिले होते. मी मनाशी म्हणालो, आज कुंपण उघडून घेऊ, रात्री ते आपोआप निघून जाईल, कुणाला काही कळायचं नाही.

मी आलोकला फोन लावला. "साहेब, जंगलाच्या बाजूचं कुंपण थोडं उघडावं लागेल. आत जनावर अडकलंय."

"कसलं जनावर?"

"डुक्कर असेल."

"मग गेट उघडं ठेवा ना, चाचा."

"गेट रस्त्याकडं आहे. तिकडं नाही जायचं ते."

तो म्हणाला, "तारा कापू नका. उद्या सकाळी कुंपणवाल्याला पाठवतो, तो नीट सोडवून देईल. परवा परत बांधू. एका दिवसानं डुकराचं काय बिघडतं?"

मी बरं म्हणालो. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

दुपारी घरून माझ्या बायकोचा, जोहराचा फोन आला. तिचा आवाज मशीनच्या आवाजावर चढला. "सुनते क्या? पोट्टी पास हुई! चौऱ्याऐंशी टक्के!" मी इस्लापूरला माणूस पाठवून दोन किलो पेढे आणवले. दिवस मावळायच्या आधी सगळे पळसाखाली बसले. शेषेराव दगडावर कुऱ्हाडीला धार लावत होता. धुतलेलं धोतर पार्वतीबाईनं झुडपावर वाळत घातलं होतं.

रुद्रेश म्हणाला, "चाचा, उद्या सकाळी जाळी घ्यायची आन् दुपारी गावाकडं. मला देवणीला जायाला दोन बशी बदलाव्या लागत्यात."

"उद्या नाही," मी म्हणालो. "परवा."

"कामून?" शेषेरावनं मान वर केली. "नारळ आनलाय. कुऱ्हाड लावलीय. लावलेली कुऱ्हाड दोन दिस ठिवायची?"

"आत काहीतरी आहे. कुंपण उघडेपर्यंत थांबू."

"काय हाय? डुक्कर? धाकल्या, एकवीस वर्सांत माझ्यासमोरून नऊ डुकरं पळाली. एक तर माझ्या दोन पायांमधून गेलं. धोतर घेऊन गेलं."

सगळे हसले. पार्वतीबाई म्हणाली, "ते नवं व्हतं धोतर. अजून मला त्याचं वाईट वाटतंय."

मला कळलं की हा थांबणार नाही. पहाटे धोतर नेसेल आणि निघेल. त्याला बाजूला घेऊन सांगावं, तर शेषेरावच्या पोटात गोष्ट राहत नसे. जन्मात राहिली नाही. तो पार्वतीबाईला सांगणार, ती तव्यावर भाकरी टाकता टाकता सगळ्यांना सांगणार. एकच वाट मला सुचली. घाव माझे झाले की कधी घालायचे ते मी ठरवणार.

मी म्हणालो, "यावेळी पाच घाव मी घालणार."

"पेढे चढले का तुला?"

"मी तुझ्यापेक्षा मोठा आहे, शेषा."

पुन्हा हशा झाला. शेषेरावही हसत होता. मी हसलो नाही. म्हणालो, "अम्मीनं मरायच्या आधी सांगितलं मला. मी आदल्या थंडीतला. तुझ्या बापाला पहिला पोरगा झाला म्हणून वखारीत नारळ फुटला, तेव्हा मी पाळण्यात होतो. तुला वाईट वाटेल म्हणून आजवर बोललो नाही. अम्मीची शपथ."

हसणं थांबलं. आमच्यात शपथेला कुणी वाकडं बोलत नाही, आणि मेलेल्या आईच्या शपथेला तर नाहीच. शेषेरावनं कुऱ्हाडीच्या पात्यावरून अंगठा फिरवला. माझ्याकडं बराच वेळ बघितलं. त्याला माहीत होतं. सत्तर वर्षं त्यानं मला ओळखलं होतं, माझं खोटं त्याला कळणार नाही असं कसं होईल? पण वीस माणसांपुढं त्यानं माझ्या आईला खोटं पाडलं नाही.

तो उठला. कुऱ्हाड माझ्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, "बरं, खाजाभाई."

खाजाभाई मला गाव म्हणायचं. त्यानं कधी म्हटलं नव्हतं. धाकल्या हा शब्द त्यानंतर त्याच्या तोंडून निघाला नाही. तो जेवला, पेढा मात्र पार्वतीबाईच्या हातात देऊन टाकला. वाळलेलं धोतर त्यानं घडी घालून पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी सकाळी सहापासून कुंपणवाल्याची वाट बघत होतो. आठ वाजले, नऊ वाजले. जाळीकडं कुणाला जाऊ दिलं नाही. माणसांना खुंटं गोळा करायला लावलं. दहाला फोन केला तर म्हणाला, भोकरला टायर पंक्चर झालंय. अकराला म्हणाला, निघालोय. मला स्वतः पक्कड घेऊन तारा कापाव्याशा वाटत होत्या. पक्कड रुद्रेशच्या पेटीत होती, मी ती दोनदा हातात घेतली आणि दोनदा ठेवली. तारा कापल्या तर आलोकला काय सांगायचं, टोळीला काय सांगायचं, हेच मी मोजत राहिलो.

साडेअकराला सगळे पळसाखाली जेवायला बसले. मी गेटकडं गेलो, तिथून रस्ता दिसतो. धूळ उडताना दिसली की उभा राहायचो. एकदा दुधाची गाडी गेली, एकदा बस. पाऊण तासानं परत आलो तर शेषेरावची जागा रिकामी होती.

"वहिनी, शेषा कुठं गेला?"

"वड्याकडं. हातपाय धुवाया."

मी बसलो. भाकरी मोडली. मग माझी नजर पळसाच्या बुडाशी गेली. काल त्यानं माझ्या पायाशी ठेवलेली कुऱ्हाड मी तिथं टेकवून ठेवली होती. ती तिथं नव्हती. शेजारी त्याची पिशवी उघडी पडली होती, आणि तिच्यात धोतर नव्हतं.

तेवढ्यात आवाज आला. ओल्या लाकडात कुऱ्हाड बसल्याचा. जाळीच्या आतून.

एक.

सगळ्यांनी माना वर केल्या. रुद्रेश हसून म्हणाला, "गेला बघा म्हातारा. ऐकतोय व्हय!"

मी उठलो. पळस ते जाळी तीनशे पावलं असतील, आणि वाटेत सगळीकडं उपटलेली खुंटं. दुसरा घाव ऐकला तेव्हा मी पहिल्या खड्ड्यात पडलो होतो. उठलो. तिसरा ऐकला. मी ओरडलो, "शेषा, बाहेर ये! अस्वल आहे! आत अस्वल आहे!"

तो शब्द मी पहिल्यांदा तोंडातून काढला. मागं पळसाखाली सगळं एकदम गप्प झालं, हे मला पळतानाही कळलं. शेषेरावनं ऐकलं असणारच. माझा आवाज मोठा आहे आणि वारा त्याच्याकडं होता. क्षणभर जाळीत शांत झालं. मग चौथा घाव बसला.

त्याला वाटलं असेल, हाही कालच्यासारखंच बोलतोय. पाच घाव स्वतःकडं ठेवायला हा काहीही बोलेल.

पाचवा घाव झाला नाही. त्याच्या जागी जे ऐकू आलं ते मी लिहीत नाही. आधी जनावराचा आवाज होता, मग माणसाचा.

मी जाळीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा घाणेरी हलत होती. माझ्या हातात काही नव्हतं. मी दगड मारत राहिलो, शिव्या देत राहिलो. मागून रुद्रेश जेसीबी घेऊन आला, हॉर्न दाबून धरलेला. त्यानं पुढचा पंजा जमिनीपासून हातभर उचलून मशीन सरळ जाळीत घातलं. तेव्हा अस्वल दुसऱ्या बाजूनं निघालं. पाठीवर पिल्लू चिकटलेलं. ते कुंपणाकडं पळालं आणि तारांवर आदळलं. मागं आलं, पुन्हा आदळलं. तिसऱ्यांदा चढायला गेलं आणि पिल्लासकट खाली पडलं. माणसं डबे वाजवत होती आणि कुणालाच कळत नव्हतं की ते आता कुणावर येईल. रुद्रेशनं मशीन वळवलं, ओढ्याच्या अलीकडूनच बुजवलेल्या भगदाडाशी जाऊन कुंपणाच्या खांबाला पंजा लावला आणि एका झटक्यात चार खांब आडवे केले. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. अस्वल त्या वाटेनं जंगलात गेलं.

शेषेराव दरडीच्या पायथ्याशी पडला होता. धोतर नेसलेला. कुऱ्हाड टेंभुर्णीत रुतलेली होती.

आम्ही त्याला टेम्पोत घातलं. इस्लापूरला डॉक्टरनं पट्ट्या बांधल्या आणि नांदेडला न्या म्हणाला. टेम्पोत त्याचं डोकं पार्वतीबाईच्या मांडीवर आणि पाय माझ्या मांडीवर होते. त्याचा जबडा गेला होता, बोलता येत नव्हतं. एक डोळा उघडा होता. भोकरच्या अलीकडं समोरून एक गाडी आली, मागं तारेची भेंडोळी होती. तो आमचा कुंपणवाला होता.

मी वाकून म्हणालो, "मोठ्या, मी खोटं बोललो. तूच मोठा. आत अस्वल होतं हे मला कालच कळलं होतं." त्याचा डोळा माझ्याकडं होता का टेम्पोच्या छताकडं, ते मला सांगता येणार नाही.

दवाखान्यात आलोक रात्री आठच्या आत आला. नंतर रोज येत राहिला. पर्यावरण दिनाचा कार्यक्रम त्यानं रद्द केला. तिसऱ्या दिवशी मी त्याला चिखलातल्या पावलाची गोष्ट सांगितली. त्यानं ती शेवटपर्यंत ऐकली. भिंतीला टेकला आणि म्हणाला, "चाचा, तुम्ही फोनवर अस्वल म्हणाला असता तर मी स्वतः येऊन त्याच संध्याकाळी कुंपण पाडलं असतं. तुम्ही डुक्कर म्हणालात."

मी डुक्करच म्हणालो होतो.

पार्वतीबाई व्हरांड्यात बसून असायची. तिनं मला पाच दिवस काही विचारलं नाही. सहाव्या दिवशी मी चहा घेऊन गेलो तेव्हा म्हणाली, "भाई, एक खरं सांगा. मोठं कोन?"

"तेच मोठे, वहिनी."

"मला ठाव हाय. त्यांनाबी ठाव व्हतं. आदल्या राती मला म्हनले, खाजानं आईची आन घेतली, म्हंजे त्याला माझी कुऱ्हाड लईच नकोशी झाली. म्हातारा झालो म्हनले मी, आता मला मानसात कोन धरत न्हाई. मंग तुमी कामून बोललात तसं?"

मी सगळं सांगितलं. पाऊल, चप्पल, फोन, मन्मथचा चेहरा, सगळं. ती ऐकत राहिली. कप तिच्या हातात तसाच होता.

"तुमी त्यांला वाचवाया बोललात," ती म्हणाली.

"आणि काम वाचवायला."

"हाव. कामबी." तिनं चहा न पिता कप खाली ठेवला. "हे त्यांला सांगितलंत?"

"टेम्पोत सांगितलं. ऐकलं का, माहीत नाही."

"मंग परत सांगा. रोज सांगा. मी दाराशी बसते."

मी रोज आत जाऊन सांगत होतो. नळ्या लावलेल्या होत्या, डोळे मिटलेले असायचे. मी खुर्ची ओढून त्याच्या कानाशी तेच बोलायचो, की मोठ्या, तू उन्हाळ्यातला आणि मी थंडीतला, अम्मीनं कधीच काही वेगळं सांगितलं नव्हतं, आणि पावलं मी पुसली. नर्सला वाटायचं मी दुवा म्हणतोय. ती आवाज कमी करा म्हणायची नाही.

पाऊस त्या वर्षी उशिरा झाला. आलोकनं दोन तुकडे पेरले. त्यात चितळं येतात असं रुद्रेश सांगतो, मी परत गेलो नाही. तिसरा तुकडा पेरला नाही. ती जाळी तशीच उभी आहे आणि जंगलाच्या बाजूचं कुंपण त्यानं पुन्हा घातलं नाही. मी त्यानंतर गुत्तं घेतलं नाही.

शेषेराव नांदेडच्या दवाखान्यात बुधवारी, १४ जून २०२३ रोजी दुपारी सव्वातीन वाजता वारला.